उसना झगा

बर्गंडी हा फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचा प्रांत. तेथील एका डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात 'फादर ब्राऊन' या इंग्रजी चित्रपटाचे चित्रण चालले होते. हा चित्रपट १९५४ साली प्रदर्शित झाला. चेस्टरटनच्या गोष्टींतला तो बुटका, छत्री सांभाळीत चालणारा, गुन्हेगाराच्या मनात शिरून त्याला पश्चात्तापाच्या वाटेला लावणारा धर्मगुरू आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. त्याची भूमिका करीत होते ॲलेक गिनेस. एका संध्याकाळी त्यांना कळले की, आपले काम निघायला अद्याप तीनचार तास अवकाश आहे. तेव्हा अंगावरचा काळा झगा न उतरवताच ते आपल्या मुक्कामाकडे पायी निघाले. अंधारून येत होते. थोडे अंतर जातात न जातात तोच मागून धावत्या पावलांचा आवाज आला आणि 'मों पेर', म्हणजे 'फादर', अशी हाक ऐकू आली. सातआठ वर्षांचे एक पोर धावत आले, त्याने त्यांचा हात घट्ट धरला आणि तो झुलवीत, उड्या मारीत, अखंड बडबड करीत ते त्यांच्याबरोबर चालू लागले. आपल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचने मूल घाबरेल म्हणून गिनेस यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. काही वेळाने त्या पोराने निरोपाचे दोन शब्द उच्चारले, घाईघाईने वाकून नमस्कार केला आणि कुंपणाच्या भगदाडातून ते दिसेनासे झाले. झगा नाटकाचा होता, हे त्याला कधीच कळले नसेल.

ही हकीकत आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरी सांगितली तर त्यात नवल ते काय, असाच प्रश्न विचारला जाईल. मिस्सा संपवून फादर बाहेर आले की पोरांचा गराडा त्यांच्याभोवती पडतोच. कोणी बोट धरतो, कोणी झग्याचा काठ ओढतो. परंतु गिनेस होते इंग्लंडचे. रोमन धर्मगुरू म्हणजे कारस्थानी, आतल्या गाठीचा माणूस, ही समजूत त्या देशात शतकानुशतके मुरलेली होती आणि गिनेस यांच्या मनातही ती थोडीफार होतीच. अंधारात, अनोळखी माणसाचा हात ज्या विश्वासाने त्या मुलाने धरला, तो विश्वास निर्माण करणारी ख्रिस्तसभा आपण समजतो तितकी कावेबाज नसावी, असा विचार त्या रात्री पुढे चालता चालता त्यांच्या मनात आला. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्या पुस्तकाचे नाव 'ब्लेसिंग्ज इन डिसगाइज'. वाईटातून अवचित निघालेले चांगले, असा या शब्दांचा रूढ अर्थ. पण वेषांतर हाच ज्याचा धंदा त्या माणसाच्या लेखणीतून हे नाव उतरले म्हणजे त्याला आणखी एक अर्थ येतो. त्या दुसऱ्या अर्थाच्या वाटेने आम्हाला या नटाच्या आयुष्याकडे पाहावयाचे आहे.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्माच्या दाखल्यावर आईचे नाव होते, बापाच्या नावाची जागा कोरी होती. आई ॲग्नेस कफ ही अविवाहित. ती जागा गिनेस यांच्या हयातीत कधी निश्चितपणे भरली गेली नाही. अँड्र्यू गेडिस नावाचे एक स्कॉटिश बँकर अधूनमधून भेटीस येत, शाळेचा खर्चही देत. तेच आपले वडील असावेत असे त्यांनी आपल्यापुरते मानून ठेवले होते. पाचव्या वर्षी आईने स्टिव्हन नावाच्या सैन्यातील एका कॅप्टनशी लग्न केले आणि मुलगा ॲलेक स्टिव्हन झाला. हा सावत्र बाप इतका बेभान की, एकदा त्याने पोराच्या डोक्याला भरलेले पिस्तूल लावले. लग्न मोडले. चौदाव्या वर्षी शाळेत कोणीतरी सहज बोलता बोलता सांगितले की, तुझे खरे नाव गिनेस आहे, बाकीची नावे विसर. दरम्यानच्या काळात बिले थकवीत आईचे बिऱ्हाड या खोलीतून त्या खोलीत, या हॉटेलातून त्या हॉटेलात हलत राहिले होते. आपल्याकडे माणसाची ओळखच मुळी अमक्याचा मुलगा, अमक्या आळीतला, अमक्या घराण्यातला अशी होते. येथे घराणे नाही, आळी नाही, आणि नाव तर तीनदा बदललेले. असा मुलगा दुसऱ्यांची सोंगे घेण्यात रमला तर आश्चर्य नको.

शाळा संपल्यावर जाहिरातीच्या कचेरीत मजकूर लिहिण्याची नोकरी मिळाली. पगार तुटपुंजा, त्यातला बराचसा नाटकाच्या तिकिटांवर जाई. नट व्हावयाचे तर शिकावयाचे कोणाकडे, हे विचारायला या पोराने थेट जॉन गिलगुड यांना फोन केला. गिलगुड हे त्या वेळी लंडनच्या रंगभूमीचे लाडके नट. त्यांनी मार्टिटा हंट या अभिनेत्रीचे नाव सुचवले. बाईंनी काही शिकवण्या घेतल्या आणि तुझ्या अंगी हे काम नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. (पुढे १९४६ साली डेव्हिड लीन यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या चित्रपटात याच मार्टिटाबाई वेड्या मिस हॅविशमच्या भूमिकेत होत्या आणि उमद्या मनाचा हर्बर्ट पॉकेट होते ॲलेक गिनेस. त्यांनीच १९३९ साली या कादंबरीचे नाटक करून रंगभूमीवर आणले होते.) एका नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळाली, काही महिने शिक्षण झाले, पैसे संपले. १९३४ साली, वयाला वीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, एका नाटकात त्यांना रंगभूमीवर उभे राहावयास मिळाले; तोंडी एकही वाक्य नव्हते. त्याच वर्षी गिलगुड यांनी आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकचे छोटेसे काम दिले. तालमीत मात्र काही केल्या जमेना. गिलगुड भडकले आणि कोणाकडून तरी अभिनय शिकून आठवड्याने ये म्हणून त्यांनी घालवून दिले. आठवडाभर हा मुलगा रडकुंडीला येऊन भटकला, परत आला, पूर्वी करीत होता तसेच काम त्याने केले, आणि गिलगुड म्हणाले, आता झकास! नाटकवाल्यांचा हा तऱ्हेवाईकपणा आपल्याकडील तालीममास्तरांच्या गोष्टींतही भेटतो.

'ओल्ड व्हिक' ही त्या काळी लंडनमधील शेक्सपिअरची नाटके स्वस्त दरात दाखवणारी नामवंत संस्था होती. १९३८ साली टायरोन गथ्री यांनी तेथे संपूर्ण, एकही ओळ न गाळलेला 'हॅम्लेट' आधुनिक पोशाखात बसवला आणि नायक होते चोवीस वर्षांचे गिनेस. त्याच वर्षी मेरुला सॅलमन या अभिनेत्रीशी त्यांचा विवाह झाला आणि १९४० साली मॅथ्यूचा जन्म झाला. या सुमाराची एक हकीकत आम्हाला मोठी बोलकी वाटते. एक अँग्लिकन धर्मगुरू नाटक पाहून रंगपटात आले. अभिनयाविषयी बोलण्यासाठी नव्हे. रंगमंचावर तुम्ही क्रुसाची खूण करता ती चुकीची असते, एवढे सांगून त्यांनी ती नीट करून दाखवली. सोळाव्या वर्षी अँग्लिकन पंथात दृढीकरण होऊन लगेचच श्रद्धा गमावून बसलेला हा तरुण क्रुसाची खूण शिकला ती अशी, अभिनयाचा भाग म्हणून.

महायुद्धात ते आरमारात भरती झाले. आधी साधे खलाशी, मग अधिकारी. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर चढाई झाली, तेव्हा सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका बोटीची कमान त्यांच्याकडे होती. वेळ पुढे ढकलल्याचा संदेश त्यांना न मिळाल्यामुळे त्यांची बोट इतरांच्या बरीच आधी किनाऱ्याला लागली. नाटकाच्या धंद्यात पडद्याची वेळ चुकवून चालत नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते नंतर एका वरिष्ठाला सुनावून आले म्हणतात.

युद्धानंतर त्यांचे खरे पर्व सुरू झाले, आणि येथे मुखवट्याचा प्रश्न पुढे येतो. १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये फेगिनची भूमिका मागायला ते गेले तेव्हा लीन यांनी ती हसण्यावारी नेली. हा तिशीतला गोरागोमटा माणूस म्हाताऱ्या चोरांच्या सरदाराचे काम काय करणार? एकदा मला रंगवून तर पाहा, असा हट्ट धरून गिनेस वेषांतरात समोर उभे राहिले आणि भूमिका मिळाली. डिकन्सच्या कादंबरीतील जुन्या चित्रांवरून घेतलेले ते लांबलचक बाकदार नाक, ती विस्कटलेली दाढी, तो आवाज! कसब म्हणून अप्रतिम. परंतु साठ लाख ज्यूंच्या हत्येला तीनचार वर्षेही झाली नव्हती, आणि हा मुखवटा म्हणजे ज्यूद्वेष्ट्यांनी रंगवलेले ज्यू माणसाचे चित्रच होते. बर्लिनमध्ये चित्रपटगृहासमोर ज्यू निर्वासितांनी निदर्शने केली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडकून राहिला आणि मग कापछाट होऊन दाखवला गेला. डिकन्सशी इमान राखले, हे समर्थन आम्हाला पुरेसे वाटत नाही. मुखवटा चढवणाऱ्याने, तो पाहून कोण रडेल याचा विचार करावयास नको काय?

पुढल्याच वर्षी, १९४९ साली, 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' आला. एका उमराव घराण्यातील वारसांचा एकेक करून काटा काढणाऱ्या तरुणाची ही काळी विनोदी कथा. त्यांतील चार भूमिका गिनेस यांना देऊ केल्या होत्या. चारच का, आठही मीच करतो, असे त्यांचे उत्तर गेले. म्हातारा सेनापती, आरमारी अधिकारी, धर्मोपदेशक, इतकेच काय, स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडणारी एक बाईसुद्धा! चर्चमधील एका दृश्यात यांतली सहा माणसे एकाच चौकटीत दिसतात. आजच्यासारखी संगणकाची सोय नव्हती. कॅमेरा जागचा हलवावयाचा नाही, फिल्म पुन्हापुन्हा मागे गुंडाळावयाची आणि दर वेळी चौकटीचा एकेक तुकडाच उघडा ठेवावयाचा, असे ते काम. कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम रात्री त्याच्याजवळच झोपले. चित्रपट पाहताना गंमत अशी वाटते की, ही आठही माणसे आपल्या लक्षात राहतात, पण ती करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होता हे मात्र आठवत नाही. 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द मॅन इन द व्हाइट सूट' (दोन्ही १९५१), 'द लेडीकिलर्स' (१९५५) या ईलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांनी त्यांचे नाव घरोघर पोहोचवले. रस्त्यात मात्र त्यांना कोणी ओळखत नसे. त्यांनाही ते हवेच होते.

या यशाच्या मधोमध रंगभूमीवर त्यांची फजितीही झाली. १९५१ साली स्वतः बसवलेल्या 'हॅम्लेट'च्या पहिल्या रात्री दिव्यांचा सगळा गोंधळ उडाला आणि वरच्या गॅलरीतून हुर्यो झाली. त्यानंतर त्यांनी हॅम्लेटचे नाव घेतले नाही. पण त्याच सुमारास घरात याहून मोठे संकट आले. अकरा वर्षांच्या मॅथ्यूला पोलिओ झाला आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. त्या काळी पोलिओ म्हणजे काय हे आपल्या जुन्या पिढीला सांगावयास नको. गावोगावी त्याच्या खुणा बाळगणारी माणसे आपण पाहिली आहेत. गिनेस चित्रणाहून घरी परतताना वाटेतल्या एका साध्याशा, काहीशा भडक सजावटीच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसू लागले. प्रार्थना येत नव्हती. बसावयाचे आणि उठावयाचे. अशाच एका दिवशी त्यांनी देवाशी एक सौदा केला: मुलगा बरा झाला आणि त्याने कधी कॅथलिक व्हावयाचे म्हटले तर मी आडवा येणार नाही. सौदा तरी कसला, स्वतः काही देऊ न करणारा! आपल्या आयाबाया पोराच्या दुखण्यात वसईच्या किंवा माउंट मेरीच्या मातेला नवस बोलतात त्यात निदान मेणबत्तीचे तरी वचन असते. परंतु काही महिन्यांत मॅथ्यू आधी वाकडातिकडा, मग सरळ चालू लागला आणि पुढे फुटबॉलही खेळू लागला. त्याला येशूसंघीयांच्या शाळेत घातले. वयाच्या पंधराव्या वर्षी तो म्हणाला, मला कॅथलिक व्हावयाचे आहे. बापाने शब्द पाळला.

बर्गंडीतील ती संध्याकाळ या दोन घटनांच्या मधली. आणि तिच्या पाठोपाठ आली 'द प्रिझनर', १९५४ साली रंगभूमीवर आणि १९५५ साली पडद्यावर. ब्रिजेट बोलंड या लेखिकेची ही कृती. देशाचे नाव दिलेले नाही, पण हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी आणि युगोस्लाव्हियाचे स्टेपिनाक यांचे खटले सर्वांच्या स्मरणात ताजे होते. कम्युनिस्ट राजवटीने कैद केलेला कार्डिनल आणि त्याची उलटतपासणी करणारा एक हुशार अधिकारी, एवढाच पसारा. कार्डिनल शारीरिक छळाला भीत नाही. नाझींच्या हाती तो ते सोसून आलेला आहे. तपासनीस मग त्याचे मन उकरू लागतो आणि शेवटी तळाशी त्याला हवे ते सापडते. हलाखीत वाढलेल्या या माणसाला आपल्या आईची लाज वाटत आली आहे, तिच्यावर आपण कधी प्रेमच केले नाही असे तो कबूल करतो, आणि त्या लाजेतून सुटण्यासाठीच आपण धर्मगुरू झालो की काय, ही शंका त्याला मोडून टाकते. जन्माच्या दाखल्यावर कोरी जागा असलेल्या, आईपासून आयुष्यभर अंतर राखणाऱ्या गिनेस यांनी ही भूमिका करताना काय सोसले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. लाल झग्यातल्या या भूमिकेत नाक नव्हते, दाढी नव्हती, लपावयास जागा नव्हती. चित्रपटाचे नशीब मात्र चमत्कारिक. कम्युनिस्टविरोधी म्हणून कान आणि व्हेनिसच्या महोत्सवांनी तो नाकारला, तर आयर्लंडमध्ये तो उलट कम्युनिस्टांना धार्जिणा ठरला!

या काळात ते लेस्टरशरमधील ट्रॅपिस्ट मठात काही दिवस राहून आले. ज्याचे पोट बोलण्यावर चालते त्याने मौनव्रती साधूंच्या पंगतीला बसावयाचे! अखेर २४ मार्च १९५६ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, पीटर्सफील्ड येथील सेंट लॉरेन्स चर्चमध्ये ते ख्रिस्तसभेत दाखल झाले. त्यांनी कोणताही दिव्य प्रकाश पाहिल्याचा दावा केला नाही. पण एक विलक्षण आठवण मात्र लिहिली आहे. लंडनच्या किंग्जवे या रहदारीच्या रस्त्याने ते दुपारचे चालले होते. एकाएकी त्यांना धावावेसे वाटले आणि हा चाळिशी उलटलेला प्रतिष्ठित नट भर रस्त्यात धावत सुटला तो तेथल्या लहानशा कॅथलिक चर्चमध्ये जाऊन गुडघ्यावर आला. दहा मिनिटे त्यांना जगाचे भान नव्हते. आपल्याला वेड तर लागले नाही, अशी शंका त्यांना छळू लागली. पुढे त्यांच्या वाचनात आले की, मॉन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स यांच्यासारखा बुद्धिमान धर्मगुरूही पवित्र साक्रामेंताच्या भेटीला असाच धावत जाई, तेव्हा कोठे त्यांच्या जिवात जीव आला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते सिलोनला गेले. जपान्यांच्या छावणीतील ब्रिटिश युद्धकैदी आणि त्यांनी बांधलेला पूल यांची ही गोष्ट, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. कर्नल निकोल्सनची भूमिका त्यांनी आधी नाकारली होती, आणि स्वीकारल्यावरही लीन यांच्याशी त्यांचे खटके उडतच राहिले. वाचकांपैकी ज्यांनी हा चित्रपट पाहिला असेल त्यांना ते दृश्य आठवेल: कैक दिवस तापलेल्या पत्र्याच्या खोपटात डांबून ठेवलेला कर्नल बाहेर येतो आणि छावणीच्या पटांगणातून जपानी अधिकाऱ्याच्या झोपडीकडे चालत जातो. पाय आवरत नाहीत, गुडघे विचित्र वळतात, धड मात्र ताठ. शब्द एकही नाही. ती चाल गिनेस यांनी कोठून आणली? पोलिओतून उठल्यावर पहिली पावले टाकणाऱ्या मॅथ्यूची ती चाल होती. आपल्या साऱ्या कामात त्यांना स्वतःला हे दृश्य विशेष मोलाचे वाटे. १९५७ च्या या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले, त्यांतले एक गिनेस यांना सर्वोत्कृष्ट नट म्हणून. ते सिलोनमध्ये असतानाच मेरुलाबाईही कॅथलिक झाल्या. नवऱ्याला आधी काही न सांगता!

यानंतरची पंचवीस वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. १९५८ चा 'द हॉर्सेस माउथ', ज्याची पटकथाही त्यांचीच. १९५९ साली 'सर' हा किताब. १९६० चा 'ट्यून्स ऑफ ग्लोरी'. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला (१९६२) अमीर फैसल. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर कवी डिलन टॉमसच्या भूमिकेसाठी १९६४ चा टोनी पुरस्कार. संत फ्रान्सिसच्या जीवनावरील झेफिरेल्ली यांच्या १९७२ च्या चित्रपटात ते पोप तिसरे इनोसंट झाले आणि लगोलग १९७३ साली हिटलर! १९७९ साली बीबीसीच्या सात भागांच्या मालिकेत ते हेरखात्यातला जॉर्ज स्माइली झाले. त्यासाठी ब्रिटिश हेरखात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर त्यांनी एकदा जेवण घेतले आणि तेवढ्या वेळात त्या माणसाचे चालणे, बोलणे, कपड्यांची तऱ्हा सारे टिपून घेतले. आमच्या मते ही त्यांची सर्वात परिपक्व भूमिका. चष्मा पुसण्यापलीकडे तो माणूस फारसे काही करीत नाही, आणि आपली नजर हलत नाही.

त्यांना अमाप पैसा आणि कीर्ती मिळवून दिली ती मात्र १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने. मिळकतीचा सव्वादोन टक्के वाटा त्यांच्या करारात होता, त्यामुळे म्हातारपणाची चिंता मिटली. पण त्या चित्रपटाच्या भक्तांचा त्यांना कंटाळा येऊ लागला. सॅन फ्रान्सिस्कोत बारा वर्षांचा एक गोड मुलगा त्यांना भेटला आणि आपण हा चित्रपट शंभरावर वेळा पाहिल्याचे अभिमानाने सांगू लागला. गिनेस यांनी त्याला म्हटले, मला एक वचन दे, यापुढे तो पाहणार नाहीस. मुलगा रडू लागला, आई संतापली. आम्हाला ही हकीकत वाचताना बर्गंडीचे ते पोर आठवते. दोघांनीही त्यांना, ते जे नव्हते तेच समजले होते. एकाचा हात त्यांनी मुकाट्याने हातात राहू दिला. दुसऱ्याचा भ्रम मात्र त्यांना सोसवला नाही. मुलाला रडवणे आम्हाला रुचत नाही, पण त्यांच्या मनातली भीती कळते. वरवरची तत्त्वे बोलणाऱ्या एका कल्पित साधूला मुले गुरू मानू लागली, याचा तो धसका होता.

मराठी वाचकाला त्यांची एक भूमिका चुकवता येणार नाही. लीन यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' (१९८४) या चित्रपटात ते प्राध्यापक गोडबोले आहेत! ज्या फॉर्स्टरच्या कादंबरीवर तो बेतला आहे त्याने १९२१ साली देवासच्या मराठा संस्थानिकाकडे खाजगी चिटणीस म्हणून काम केले होते. तेथली गोकुळअष्टमी त्याने डोळ्यांनी पाहिली आणि कादंबरीतल्या भजनात तुकोबांचे नाव घुमते ते तेथूनच आले. असे हे आपल्या मातीतले पात्र एका इंग्रजाने चेहऱ्याला रंग फासून करावे, आणि तेही व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ यांच्यासारखे भारतीय नट त्याच चित्रपटात असताना! भूमिका फसली. गोडबोल्यांचे गाणे-नाचणे तर कापूनच टाकले गेले आणि लीनशी असलेला जुना स्नेह आणखी कडवट झाला. फेगिनच्या वेळी जी चूक कसबामुळे झाकली गेली ती येथे उघडी पडली, असे आम्हाला वाटते. दुसऱ्याचा झगा अंगावर घालता येतो, कातडी घालता येत नाही.

घरातले गिनेस कसे होते? २००३ साली पिअर्स पॉल रीड या कॅथलिक कादंबरीकाराने लिहिलेले अधिकृत चरित्र आले. त्यात दिसणारा माणूस नेहमीच सौम्य नाही. पत्नीला त्यांनी रंगभूमी सोडावयास लावली, तिच्याशी कठोर शब्दांत बोलत, मुलाशीही मोकळे नव्हते. मिस्सा, पापनिवेदन, प्रार्थना यांत खंड नव्हता, आणि चिडचिडही गेली नव्हती. लॅटिन उपासनेचे वैभव गेल्याची हळहळ ते लपवीत नसत. ख्रिस्तसभा मात्र त्यांनी सोडली नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या अंधारात हात धरणाऱ्या मुलाची आठवण आम्ही पूर्वी वाचली तेव्हा डोळे पाणावले होते. आज ती वाचताना मन तितके निर्धास्त राहत नाही. झग्यावर विश्वास टाकणाऱ्या मुलांचा काही धर्मगुरूंनी घात केला आणि वरिष्ठांनी तो झाकला, हे अमेरिकेत, आयर्लंडमध्ये, इतर देशांत चौकशांमधून बाहेर आले आहे. म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. उसना झगा घातलेल्या त्या नटाने मुलाचा हात कसा धरला होता, तिकडे मात्र आमचे लक्ष अधिक जाते. तो बोलला नाही, त्याने काही मागितले नाही, आणि मुलाला जेव्हा जावेसे वाटले तेव्हा हात सोडून दिला.

१९८९ साली लंडनमध्ये 'अ वॉक इन द वूड्स' या नाटकात त्यांनी रंगभूमीवरची अखेरची भूमिका केली. नंतरच्या रोजनिशीवजा पुस्तकांत कुत्री, पक्षी, डोळ्यांचे दुखणे आणि वाचलेली पुस्तके यांच्याविषयी ते लिहीत राहिले. ५ ऑगस्ट २००० रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या चर्चमध्ये चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचा स्वीकार झाला होता तेथेच त्यांची अंत्यविधीची मिस्सा झाली आणि पीटर्सफील्डच्याच दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. मेरुलाबाई त्याच ऑक्टोबरात त्यांच्या मागोमाग गेल्या. बासष्ट वर्षांचा तो संसार होता.